पेरेक शीरा आणि घाण्याचा बैल

ठाण्याचें 'शाआर हाशामाइम' हें यहुदी प्रार्थनामंदिर १८७९ सालचें. तेथील बेने इस्रायल समाजाची बोली मराठी. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलांत गेलीं, तरी मंदिरांतील प्रार्थना थांबलेली नाहीं. इतका निकटचा शेजार असूनहि यहुदी धर्मवाङ्मय आपल्या सुशिक्षित वाचकांस जवळजवळ अपरिचित राहिलें आहे. त्यांतील 'पेरेक शीरा' ही लहानशी हिब्रू कृति तरी त्यांनीं अवश्य पाहावी.

तिचा कर्ता अज्ञात आहे. परंपरा मात्र दावीद राजाचें नांव सांगते. आकाश, नद्या, वृक्ष, पक्षी, पशु असे सर्वजण एकेक वचन म्हणून ईश्वराचें स्तवन करितात आणि शेवटची पाळी कुत्र्याची येते. आरंभीं जोडलेली कथा मला सर्वांत मोलाची वाटते. स्तोत्रें रचून संपल्यावर दाविदास गर्व झाला कीं, आपल्यासारखी देवाची स्तुति दुसऱ्या कोणीं केली नसेल. तोंच एक बेडूक त्यास म्हणाला कीं, मी तुझ्याहून अधिक गातों. शिवाय पाण्याकांठचा एक जीव भुकेला झाला म्हणजे मीच त्याचें अन्न होतों. कवीचा गर्व बेडकानें हरावा यांत विनोद आहे. परंतु गाण्यापाठोपाठ त्यानें देहदानाची गोष्ट काढावी, हें साधें नव्हे.

येथें एकनाथी भागवतांतील अवधूताचे चोवीस गुरु कोणासहि आठवतील. पण तेथें पतंग, मासा, हत्ती, हरिण हे एकेका इंद्रियाच्या ओढीनें नाश पावतात व पाहणारा सावध होतो. पेरेक शीरेंत पशु स्वतःच भक्त आहे. मात्र हें भक्तपण पुष्कळदां पंडितांनीं बहाल केलेलें दिसतें. डोमकावळ्याच्या तोंडीं, त्याच्या पिलांस अन्न पुरविणारा कोण, हें ईयोबाच्या ग्रंथांतील वचन शोभतें. इतरत्र वचनाचा व प्राण्याचा संबंध टीकाकारांस ओढूनताणून लावावा लागला आहे. रेड्यामुखीं वेद बोलविले, तरी ते वेद रेड्याचे होत नाहींत. जनावराच्या तोंडीं आपलें स्तोत्र घालून आपण कृतज्ञ झालों असें मानणें फार सोपें आहे.

म्हणून या कृतीसोबत यहुदी धर्मशास्त्रहि वाचलें पाहिजे. अनुवादाच्या पुस्तकांत गुरांच्या गवताचा उल्लेख आधीं व मनुष्याच्या तृप्तीचा मागाहून येतो. तेवढ्यावरून ताल्मूदानें नियम काढिला कीं, जनावरांस चारा घातल्यावांचून स्वतः जेवूं नये. शब्बाथाच्या विश्रांतींतहि बैल व गाढव यांचीं नांवें स्पष्ट घातलेलीं आहेत. कुलाब्याकडील खेड्यांतून तेल गाळणाऱ्या बेने इस्रायलांस लोक 'शनवार तेली' म्हणत, हें सर्वश्रुत आहे. शनिवारीं त्यांचें काम बंद, एवढेंच आपण पाहिलें. त्या दिवशीं घाण्याचा बैलहि सुटलेला असे, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. देशावर बैलास पोळ्याचा एक दिवस मिळतो. या तेल्यांच्या बैलास तो शास्त्राप्रमाणें आठवड्याला एक मिळे, आणि त्याकरितां त्यास कोणतेंहि स्तोत्र म्हणावें लागत नसे.