जुन्या चित्रांतला सोनेरी उजेड कोणाचा?

जुन्या तैलचित्रांवर लिहिताना आपण समीक्षक ‘कातरवेळचा सोनेरी उजेड’ फार सहज लिहून जातो. मीही लिहिला आहे. आता वाटते, त्यातला बराचसा उजेड चित्रकाराचा नसून जवसाच्या तेलाचा असावा.

हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते, आणि सुरुवातीला त्याचे वजन चक्क वाढते. त्यातल्या लिनोलेनिक आम्लाच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. तिथे ऑक्सिजन शिरला की रेणू एकमेकांत गुंततात, थर घट्ट होतो. त्याच ओघात पिवळी संयुगेही तयार होतात. घाईतला चित्रकार वर ड्रायर घालतो. शिशाचा ड्रायर थर आतपर्यंत वाळवतो. कोबाल्टचा वरची साय तेवढी धरतो, आणि जास्त झाला तर तिला सुरकुत्या पडतात. मँगनीजने रंग काळवंडतो.

पांढऱ्या रंगासाठी करडईचे तेल बरे, असे म्हणतात. खरे आहे, त्यात लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसतेच. पण ते सावकाश वाळते. मग पुन्हा कोबाल्ट! सोलापूरकडची करडई आणि विदर्भातला जवस, दोन्ही आपल्या घरचे. तरी आपल्या कलालेखनात तेलाचे नाव येत नाही.

मी जवसाच्या तेलात कालवलेल्या पांढऱ्या रंगाच्या दोन पट्ट्या काढल्या. एक खिडकीत ठेवली, एक कपाटात. वर्षभरात कपाटातली पिवळी पडली. उन्हात ठेवल्यावर बरीच उजळली. यात नवे काही नाही. रुबेन्सने 1629 साली पेरेस्कला लिहिलेल्या पत्रात, पेटीत कोंडलेले आपले चित्र पिवळे पडले असल्यास उन्हात ठेवावे, असे सुचवले होते.

म्हणून ‘सोनेरी’ लिहिण्याआधी चित्र कुठे टांगले होते ते विचारायला हवे. हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’मधला दिव्याचा उजेड जलरंगातला आहे, तिथे हा संशय घ्यायचे कारण नाही. तैलचित्राचे मात्र तसे नाही. पिवळेपणा वार्निशचा असेल तर तो काढता येतो. तेलाचा असेल तर तो रंगाच्या थरातच मुरलेला असतो, आणि वार्निश समजून त्यावर द्रावक चोळणारा पिवळ्याबरोबर चित्रही पुसत जातो.