पाहणारा आणि पाहुणा

मराठी प्रवासवर्णनाविषयीचा हा प्रश्न मला ग्रंथालयात नव्हे, फोनवर सापडला. काही वर्षांपूर्वी भाचीच्या बाळंतपणासाठी मी नेदरलँड्समधल्या आम्स्टेलव्हेन गावी नव्वद दिवस राहिले. माझी बहीण हयात नव्हती, म्हणून आईच्या जागी मावशी गेली. त्या मुक्कामातले सहा दिवस मी एका सहलीबरोबर पॅरिस आणि स्वित्झर्लंड पाहून आले. परतल्यावर लेख लिहिला. सहा दिवसांना बारा पानं मिळाली. उरलेल्या चौऱ्याऐंशी दिवसांना एक वाक्य मिळालं : ‘मुक्काम भाचीकडे होता.’ भाचीने लेख वाचून फोन केला. म्हणाली, ‘‘मावशी, छान झालाय. आम्ही सगळे एका ओळीत मावलो की!’’

तो टोमणा नव्हता, तरी लागला. मग मी कपाटातली प्रवासवर्णनं ती एक ओळ शोधत पुन्हा वाचायला घेतली. अलीकडच्या पुस्तकांत आणि दिवाळी अंकांतल्या लेखांत ती वारंवार भेटते. मुलाकडे, पुतणीकडे, मेहुण्याकडे ‘तळ ठोकून’ युरोप पाहिला जातो. तळ कुणाचा, तो कसा चालतो, सकाळी चहा कोण करतं, याचा पत्ता लागत नाही. पाहणारा पानोपानी दिसतो, पाहुणा मात्र पहिल्याच पानावर बॅग ठेवून नाहीसा होतो.

असं का झालं? मला वाटतं, दोष लेखकांचा कमी आणि साच्याचा जास्त आहे. आपलं युरोपचं प्रवासवर्णन घडलं तेव्हा तिकडे नातेवाईक नव्हतेच. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ 1883 सालचा. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ 1940 सालचं. गंगाधर गाडगीळांचं ‘साता समुद्रापलीकडे’ आणि पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ ही पुस्तकं पुढच्या वीस वर्षांतली. ही माणसं शिक्षणासाठी, कामासाठी, एखादा देश समजून घेण्यासाठी गेली. परका मुलूख आणि त्याच्यासमोर एकटं किंवा जोडीने उभं राहिलेलं मराठी मन, हा या लेखनाचा गाभा ठरला. तो त्या काळाला खरा होता.

पुढे डॉक्टर ब्रिटनला गेले, इंजिनियर जर्मनी-हॉलंडला गेले आणि आत्याचं, काकाचं, मुलीचं घर तिकडे उभं राहिलं. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात तर हे घरच प्रवासाचा आधार होतं. खिशात जेमतेम आठ डॉलर घेऊन निघालेल्या माणसाला तिकडचं कुणी ठेवून घेणार असेल, तरच युरोप दिसायचा. म्हणजे प्रवासाची अर्थव्यवस्था बदलली, साचा मात्र जुनाच राहिला. एकट्या प्रवाशासाठी शिवलेला कोट आपण भरल्या घरातही घालून बसलो.

गंमत अशी की, जी गोष्ट पुस्तकं लपवतात ती सरकारी कागद उघड विचारतो. शेंगेन व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा हेतू सांगावा लागतो. त्यात ‘पर्यटन’ हा एक चौकोन असतो आणि ‘कुटुंबीय किंवा मित्रांची भेट’ हा दुसरा. नेदरलँड्सला नातेवाइकाकडे उतरायचं तर यजमान खर्चाची किंवा राहण्याची हमी लिहून देतो आणि नगरपालिकेत जाऊन त्यावरची सही प्रमाणित करून घेतो. माझ्यासाठी भाचीच्या नवऱ्याने कामावरून अर्धा दिवस रजा काढून हे केलं. अर्जात मी ‘भेट’ लिहिलं आणि लेखात ‘पर्यटन’.

आपल्याकडे वेगळं उदाहरण नाही असंही नाही. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ (लेखन 1883, प्रकाशन 1907) आपण सत्तावनच्या धामधुमीसाठी वाचतो. पण वरसईचा हा भिक्षुक घरचं कर्ज फेडायला दक्षिणेच्या आशेने निघाला होता. परतताना त्याने गंगेची कावड आणून आईवडिलांना स्नान घातलं. त्या पुस्तकात झाशी आहे, काशी आहे, आणि त्या सगळ्याला बांधून ठेवणारं घरही आहे. पाहणं आणि नातं निभावणं ही त्याच्यासाठी दोन वेगळी खाती नव्हती.

आता माझ्याच लेखातून काय निसटलं ते सांगते. नेदरलँड्समध्ये बाळंतिणीच्या घरी पहिला आठवडाभर एक प्रशिक्षित मदतनीस रोज येते. तिला मी आधी प्रतिस्पर्धी मानलं. मी शेकशेगडीचा विषय काढला, तिने बाळाचं तापमान वहीत नोंदवून पाळण्यात गरम पाण्याची बाटली ठेवली. मी डिंकाचे लाडू पुढे केले. तिने एक खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी तिकडची रीत म्हणून कुरकुरीत गोल टोस्ट आणले. त्यावर लोणी आणि साखरेत घोळवलेली बडीशेपेसारखी बी पसरलेली होती. बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना हे देतात. या बीने आईला दूध येतं असं जुनी माणसं मानत, असं ती म्हणाली. मी डब्यातून बाळंतशेपा काढून तिच्या हातावर ठेवल्या. तिने वास घेतला आणि आम्ही दोघी हसलो.

पॅरिसची बारा पानं कोणत्याही माहितीपुस्तकातून निघाली असती. हा प्रसंग त्या स्वयंपाकघराबाहेर मला कुठेच मिळाला नसता, आणि तोच मी लिहिला नव्हता.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खरा वाटतो. ज्याच्या घरी राहिलो, त्याच्या घरातलं लिहायचं नाही, ही खाल्ल्या मिठाची लाज आहे. परदेशातल्या घरात ताण असतात. पाहुण्यांमुळे बिघडणारी वेळापत्रकं असतात. एकीचे नव्वद दिवस संपले की दुसरी आजी येते, आणि मधल्या आठवड्यात कुणाचा तरी जीव टांगणीला लागतो. यातलं किती सांगावं, हे ठरवणं कठीण आहे. पण भीड आणि विस्मरण यांत फरक असतो. माझी ती एक ओळ भिडेपोटी आली नव्हती. घर हा लिहिण्याचा विषयच नाही, असं मी न तपासता धरून चालले होते. आयफेल टॉवर पाहायला सगळेच जातात, म्हणून त्याच्याविषयी नवं लिहायचं ओझं असतं. पाळण्याशेजारी बसून काढलेल्या रात्रीविषयी तेवढं ओझंही आपण घेत नाही.

हा लेख पाठवण्याआधी भाचीला वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘त्या टोस्टचं ठेव. आणि आई असती तर तिनेही डबा उघडला असता, एवढं लिही.’’

लिहिलं आहे.