श्रद्धा, सेवा आणि आत्मकथन : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाचा एक विचार

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात दोन गोष्टींकडे विशेष लक्ष दिले गेले आहे. धर्मांतराची घटना ही त्यातील पहिली, आणि ख्रिस्ती आशयाने स्वीकारलेला अभंग-ओवीचा देशी घाट ही दुसरी. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पासून रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ‘अभंगांजली’पर्यंतच्या लेखनाची चिकित्सा बहुधा या दोन अंगांनी झालेली दिसते. श्रद्धा स्वीकारल्यानंतर ती रोजच्या व्यवहारात कशी उतरते, उपाशी माणसाला जेवू घालताना, रोग्याची शुश्रूषा करताना किंवा टाकून दिलेल्या स्त्रीला आसरा देताना तिचे स्वरूप काय असते, हा प्रश्न मात्र चरित्रकारांकडे आणि संस्थांच्या अहवालांकडे सोपवला गेला.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या आत्मपर लेखनात हाच प्रश्न केंद्रस्थानी आहे. रमाबाईंची १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेली साक्ष आणि १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ या दोन कृतींच्या आधारे त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

श्रद्धा आणि कृती : प्रश्नाची पार्श्वभूमी

श्रद्धा आणि कृती यांचा संबंध हा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना वादविषय आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय कृतीवाचून असलेल्या श्रद्धेला निर्जीव ठरवतो. उलट, माणसाचे तारण केवळ श्रद्धेने होते असे मानणाऱ्या मार्टिन ल्यूथरने या पत्राला नव्या करारात गौण स्थान दिले. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाच्या वेळी विचारले जाते ते भुकेल्याला दिलेल्या अन्नाविषयी, परक्याला दिलेल्या आश्रयाविषयी आणि आजाऱ्याच्या भेटीविषयी. लूककृत शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाच्या दाखल्यात धर्माचे अधिकृत सेवक जखमी वाटसरूला टाळून निघून जातात. त्याच्या जखमा बांधतो तो ज्याला परका मानले गेले आहे असा मनुष्य.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक धार होती. स्पर्श, पाणी आणि अन्न यांवर येथील समाजव्यवस्थेची बंधने होती. परक्याला जेवू घालणे किंवा त्याच्या हातचे पाणी पिणे यामुळे घर, नाते आणि जात यांच्याशी असलेला संबंध तुटू शकत असे. या दोन्ही लेखिका ज्या ब्राह्मण कुटुंबांत वाढल्या तेथे तर साध्या मदतीच्या कृतीतही धर्माचा प्रश्न दडलेला होता.

रमाबाईंची साक्ष : कृतीकडून श्रद्धेकडे

रमाबाईंच्या साक्षीचा आरंभ तीर्थयात्रा आणि भूक यांनी होतो. पुराणकथन करीत हिंडणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई-वडील गमावले. नंतर बहीणही गेली. संस्कृत विद्येचा एवढा संचय असूनही घरात अन्न नव्हते, ही विसंगती त्या फार तपशिलाने नोंदवतात. पुढील आयुष्यात दुष्काळग्रस्त मुलींना पाहताना त्यांच्या लेखनात दयेपेक्षा ओळखीचा सूर अधिक आढळतो, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील भगिनीसंघात राहिल्या. संघाच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे चालणारे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांचे आश्रयगृह दाखवले. ज्या स्त्रियांना समाज कायमचे टाकून देतो, त्यांच्याशी इतक्या मायेने वागणारी माणसे पाहून त्यांना आश्चर्य वाटले. या वागण्याचे कारण काय, असे त्यांनी विचारले. उत्तर म्हणून योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगाची रचना महत्त्वाची आहे. रमाबाई आधी सेवा पाहतात आणि मग त्या सेवेचे कारण विचारतात. धर्मग्रंथ या विचारण्याचे उत्तर म्हणून त्यांच्यापुढे येतो. सिद्धान्त प्रथम आणि त्याचे फळ म्हणून सेवा, हा धर्मोपदेशाचा रूढ क्रम येथे उलटला आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातही त्या चर्चची मते जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या शंका घेतात आणि क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, असे विचारतात. सेवेने जिंकलेले मन सिद्धान्तापुढे मात्र सहजासहजी झुकत नाही.

तथापि रमाबाईंनी श्रद्धेला सेवेचे दुसरे नाव मानले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी भेटला, असा भेद त्या साक्षीत स्वतःच करतात. सेवेने त्यांना दारापर्यंत आणले. आतील प्रवेश त्या वेगळा मानतात. साक्षीतील हा ताण दुर्लक्षून त्यांना केवळ समाजसुधारक म्हणून वाचणे सोयीचे असले, तरी ते त्यांच्या लेखनावर अन्याय करणारे आहे.

‘मुक्ती’ : संस्था, श्रम आणि भाषा

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले ‘शारदा सदन’ पुढे पुण्यास आले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून निराधार मुली व विधवा घेऊन परतल्या. पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांची सोय केडगाव येथील जमिनीवर करावी लागली. ‘मुक्ती’ सदनाचा विस्तार तेथूनच झाला. शेती, दुभती जनावरे, विणकाम आणि छापखाना हे तेथील शिक्षणाचे भाग होते. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली जाई. फुलहॅमचे ऋण ‘कृपा सदना’च्या रूपाने फेडले गेले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी ते उभारलेले होते.

या कार्याचे मोजमाप बहुधा आश्रित स्त्रियांच्या संख्येने केले जाते. साहित्याच्या दृष्टीने मात्र रमाबाईंचे बायबल भाषांतर अधिक लक्षणीय आहे. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. त्याची छपाई केडगावच्या स्त्रियांनीच केली. रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. संस्कृतवरील प्रभुत्वासाठी कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, त्या विदुषीने आयुष्याच्या उत्तरार्धात ते प्रभुत्व बाजूस ठेवले. नुकतीच अक्षरओळख झालेल्या स्त्रीला समजेल अशी भाषा त्या शोधत राहिल्या. शब्दांची ही निवड हासुद्धा मदतीचाच एक प्रकार होय, आणि रमाबाईंच्या वाङ्मयीन कर्तृत्वात त्याची नोंद अग्रक्रमाने व्हायला हवी.

सेवा की धर्मांतर?

या टप्प्यावर जुना वाद टाळता येत नाही. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत आहेत या आक्षेपावरून १८९३ मध्ये संस्थेच्या सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी मान्यवरांनी संबंध तोडले. ‘केसरी’ने कडक टीका केली. आपण कोणावर सक्ती करीत नाही, पण स्वतःची प्रार्थना दार बंद करूनही करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती.

या वादाने रमाबाईंच्या लेखनाचे वाचन दीर्घकाळ बांधून ठेवले. एका पक्षाने त्यांच्या लेखनात अंतस्थ हेतूचा पुरावा शोधला, दुसऱ्याने निर्दोषत्वाचा. दोन्ही पक्षांच्या हाती साक्षीची कागदपत्रे झाली. वस्तुतः या वादातील खरी अडचण रमाबाईंच्या हेतूविषयी नाहीच. दुष्काळातून वाचलेली, अन्न आणि आसरा यांसाठी एका संस्थेवर सर्वस्वी अवलंबून असलेली मुलगी जेव्हा त्या संस्थेचा धर्म स्वीकारते, तेव्हा तिची निवड कितपत मोकळी असते, हा खरा प्रश्न आहे. देणाऱ्याचे मन शुद्ध असूनही तो शिल्लक राहतो. रमाबाईंच्या साक्षीत मुली पुष्कळ आहेत, परंतु त्यांचे म्हणणे बहुतांशी रमाबाईंच्या निवेदनातूनच कानी पडते. साक्ष या लेखनप्रकाराची ही मर्यादा आहे. साक्षीतील ‘मी’ ईश्वराच्या कृपेबद्दल बोलण्यासाठी उभा असतो. इतरांच्या कथा त्या कृपेची उदाहरणे होऊन येतात. त्याच वेळी, मुलीचे मन मोकळे होईपर्यंत थांबण्याची सवड दुष्काळ देत नाही, हेही टीकाकाराने ध्यानात घेतले पाहिजे.

‘स्मृतिचित्रे’ : स्वयंपाकघरातील धर्म

‘स्मृतिचित्रे’मध्ये हाच विषय घराच्या उंबरठ्याच्या आत घडतो. ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाई वडिलांच्या सोवळ्याचे चित्र रंगवतात. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर कोसळलेल्या आपत्तीनंतर जडलेले हे वेड घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घेण्यापर्यंत गेले होते. वाचक हसतो, परंतु या हास्यचित्राने पुढील संपूर्ण ग्रंथाची भूमी तयार केलेली असते. भीतीपोटी शुद्धी जपणारे घर ते कोणासाठीही उघडे असलेले घर, हा लक्ष्मीबाईंच्या आत्मकथनाचा प्रवास आहे.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, त्याही आपले सोवळे सोबत घेऊन. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. त्यांचे परिवर्तन कोणत्याही प्रवचनाने घडत नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा साधा प्रश्न त्या स्वतःलाच विचारतात. तो माणसाने केलेला आहे असे एकदा मनाशी ठरले की त्याचा पहिला परिणाम खाण्यापिण्यात दिसतो. १९०० मध्ये झालेला बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. रमाबाईंप्रमाणेच येथेही आचरण आधी आणि संस्कार मागाहून येतो.

यानंतर दुष्काळात निराधार झालेली मुले, आजारी माणसे, आश्रयाला आलेले विद्यार्थी आणि कवी यांनी टिळकांचे घर भरत जाते. बालकवी ठोंबरे हे त्यांतील सर्वांना परिचित असलेले नाव. टिळकांचे औदार्य उत्स्फूर्त आहे. हाती आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नसते. त्या औदार्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाई नोंदवतात. बोलावलेल्या पाहुण्याच्या पानात काय वाढायचे, आणलेल्या मुलाला न्हाऊमाखू कोणी घालायचे, दिलेल्या पांघरुणाऐवजी घरच्यांना काय पांघरायला द्यायचे, हे प्रश्न त्यांच्या वाट्याला येतात. ग्रंथभर त्या पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा करतात. त्या एका शब्दात आदरही आहे आणि तटस्थपणे पाहता येईल इतके अंतरही आहे.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ आणि बहुधा प्रशंसेनेच लिहिले आहे. मात्र हा विनोद स्वभावाचा गोडवा म्हणून वाचला गेला; त्यात एक विचार आहे याकडे दुर्लक्ष झाले. दान करणाऱ्याचा गौरव आणि दान निभावणाऱ्याचे कष्ट यांतील अंतर लक्ष्मीबाई तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, उपदेशाच्या तर नाहीच नाही. त्या ते हसून सांगतात. त्यामुळे टिळकांची मूर्ती भंगत नाही, पण ती देव्हाऱ्यातही बसत नाही. स्वतःचा चिडकेपणा, भीती आणि अज्ञान यांनाही त्या याच हास्यात ओढतात. सेवा करणाऱ्याला जडणारा मोठेपणाचा भाव येथे फार काळ तग धरू शकत नाही.

टिळकांच्या अखेरच्या निर्णयाचाही येथे विचार करावा लागतो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. सेवा आणि धर्मांतर यांची सांगड सैल करण्याचा तो धाडसी प्रयत्न होता. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने तो पूर्णपणे आकारास आला नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मात्र असे जाणवते की, असा दरबार लक्ष्मीबाईंच्या घरात कितीतरी आधीपासून भरत होता. नाव आणि नियमावली एवढीच काय ती त्याला नव्हती.

तुलना

रमाबाईंची सेवा संस्थारूप आहे, लक्ष्मीबाईंची कुटुंबरूप. संस्थेमुळे शेकडो जीव वाचले आणि स्त्रियांच्या हाती कसब आले. परंतु घेणारा आणि देणारा यांच्यातील अंतर संस्थेच्या रचनेतच राहिले. घराची कुवत थोडी. तेथे मात्र आश्रित मुलगा चुलीजवळ बसतो, भांडतो, रागावून घेतो आणि लेखिकेची चेष्टाही करू शकतो. त्यामुळे ‘स्मृतिचित्रे’तील आश्रितांना चेहरे आहेत, हट्ट आहेत. असे असले तरी त्यांनाही स्वतःची लेखणी मिळालेली नाही. मदत घेणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली कथा या दोन्ही ग्रंथांच्या बाहेरच राहते.

या दोन परंपरा परस्परांना अपरिचित नव्हत्या. ‘स्मृतिचित्रे’चा अखेरचा भाग आईच्या निधनानंतर पूर्ण करणारे देवदत्त नारायण टिळक यांनीच पुढे पंडिता रमाबाईंचे विस्तृत चरित्र लिहिले.

निष्कर्ष

१. दोन्ही लेखिकांच्या आत्मकथनांत आचरणाचा प्रश्न सिद्धान्ताच्या आधी येतो. धर्मांतराची तारीख केंद्रस्थानी ठेवणाऱ्या वाचनात हा क्रम हरवतो.

२. रमाबाईंचे सोप्या मराठीतील बायबल आणि लक्ष्मीबाईंचा विनोद यांकडे सेवाभावाची भाषिक रूपे म्हणून पाहिले पाहिजे.

३. ‘सेवा की धर्मांतर’ हा वाद देणाऱ्याच्या हेतूभोवती फिरत राहिला. घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. या दोन्ही ग्रंथांत तो सुटलेला नाही, परंतु त्यांच्या वाचनातूनच तो स्पष्टपणे पुढे येतो.

४. ‘स्मृतिचित्रे’ हा दानामागील अदृश्य स्त्रीश्रमाचा मराठीतील एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात ‘स्मृतिचित्रे’ बहुधा स्त्री-आत्मचरित्र म्हणून आणि रमाबाई सुधारणेच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून शिकवल्या जातात. दोघींचे लेखन शेजारी ठेवून वाचले, तर श्रद्धेची परीक्षा पाहणारी एक विचारधारा मराठी गद्यात उभी असल्याचे विद्यार्थ्यांना दाखवता येईल. ती धारा केवळ ख्रिस्ती वाचकांपुरती नाही. कोणत्याही धर्माच्या नावाने मदतीचा हात पुढे होतो, तेव्हा त्या हातामागे कोणाचे श्रम आहेत आणि तो हात धरणाऱ्याला नकार देण्याची मुभा आहे काय, हे दोन प्रश्न या लेखनाने मराठी वाचकापुढे ठेवले आहेत.