'गण' आणि 'पाऊल': छंदशास्त्रातील एका संज्ञेचे भाषांतर

तौलनिक छंदोविचारात इंग्रजी 'फूट' या संज्ञेसाठी मराठीत 'गण' हा प्रतिशब्द बहुधा निःशंकपणे योजला जातो. तीन अक्षरांचा एक गण, म्हणून गण म्हणजे पद्याचे पाऊल, असे हे समीकरण आहे. ते सोयीचे असले तरी त्याने दोन भिन्न परंपरांतील लयविचार एकाच मापाने मोजला जातो आणि मराठी वृत्ताच्या वाचनात प्रत्यक्ष चूक होते.

मुळात पाय या अर्थाचा शब्द भारतीय छंदशास्त्रात नाही असे नाही; तो दुसऱ्याच जागी आहे. संस्कृत 'पाद' हा श्लोकाचा चतुर्थांश. चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे चौथा भाग, ही त्यामागील कल्पना. गायत्रीला आठ अक्षरांचे तीनच पाद असतात, तरी शब्द टिकला. तमिळमध्येही 'अडि' म्हणजे पाऊल आणि छंदशास्त्रात 'अडि' म्हणजे ओळ. ओळीच्या आतील घटकाला तेथे 'शीर' हे स्वतंत्र नाव आहे. मराठीतील 'चरण' याच कुळातला. अभंगाचे किंवा ओवीचे चार चरण म्हणताना कोणी अक्षरगणांचा विचार करीत नाही. ('पद' तर आणखी भटकले: व्याकरणात शब्द, संतांकडे आणि संगीत नाटकात अख्खे गीत.) याउलट ग्रीक परंपरेतील 'पूस' हे चालणाऱ्याचे, नाचणाऱ्याचे पाऊल आहे, त्याच्या दोन अंगांची 'आर्सिस' व 'थेसिस' ही नावे उचलणे आणि टेकणे या क्रियांवरून आली. एका ठिकाणी उभ्या प्राण्याचा पाय, दुसऱ्या ठिकाणी हालचाल. रूपकातील हा फरक वरवरचा नाही.

आता 'गण'. पिंगलाच्या परंपरेतील म, य, र, स, त, ज, भ, न हे आठ त्र्यक्षरी गण म्हणजे लघुगुरूंचा क्रम थोडक्यात सांगण्याची आणि पाठ ठेवण्याची संकेतलिपी होय. लयीचा घटक म्हणून ते किती टिकतात हे मंदाक्रांतेवरून कळते. तिचे गण म, भ, न, त, त आणि शेवटी दोन गुरू. एकूण अक्षरे सतरा. यती मात्र चौथ्या, दहाव्या आणि सतराव्या अक्षरावर. गणांच्या सीमा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या अक्षरावर येतात. म्हणजे ओळीच्या आतील दोन्ही यतींपैकी एकही गणाच्या सीमेवर पडत नाही. पहिला यती 'भ' गणाचे पहिले अक्षर तोडून घेतो, दुसरा 'त' गणाचे. कानाला ऐकू येतात ते चार गुरू, मग पाच लघूंची धाव व तिला थांबवणारा गुरू, मग सात अक्षरांचा संथ उतार. यांपैकी कशालाही 'गण' हे नाव लागत नाही. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावरचा यती गणसीमेशी जुळतो, पण तो बाराला तीनने भाग जातो म्हणून.

गुंता वाढतो तो एवढ्यासाठी की 'गण' हा शब्द आर्येतही येतो आणि तेथे त्याचा अर्थ वेगळा आहे. आर्येचा गण चार मात्रांचा. विषमस्थानी 'ज' गण चालत नाही, आणि पूर्वार्धातील सहावा गण 'ज' किंवा चार लघूंचाच लागतो. येथे सीमेला अर्थ आहे, स्थानाला नियम आहे. मोरोपंतांची आर्या वाचताना गण मोजावाच लागतो. तमिळ शीर आणि आर्येचा गण यांची तुलना म्हणूनच फलदायी होईल, कारण एका शीराचा शेवट पुढच्याच्या आरंभाशी कसा जुळावा याचे 'तळै' हे शास्त्रच तमिळमध्ये आहे. अक्षरगणवृत्ताच्या गणाला असे काही नाही.

मराठीत हा भेद नेमका ओळखला तो माधवराव पटवर्धनांनी. 'छंदोरचना'त (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) त्यांनी मात्रारचनेसाठी 'आवर्तन' ही संज्ञा रूढ केली: पाच मात्रांचे हर, सहांचे भृंग, सातांचे अग्नी, आठांचे पद्म. ही कोडेवजा नावे विद्यार्थ्यांना छळतात हे खरे. परंतु 'फूट'च्या लयबद्ध अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द 'आवर्तन' हाच आहे. पटवर्धन फारसीचे अध्यापक होते, हेही येथे विसरून चालत नाही. अरबी-फारसी अरूदात घटकाला 'रुक्न' म्हणजे खांब म्हणतात, आणि बैत म्हणजे घर. पाय तेथे नाहीच.

समीकरणाची खरी परीक्षा भुजंगप्रयातात होते, कारण 'मनाच्या श्लोकां'चे हे वृत्त चार 'य' गणांचे आहे आणि 'लघु-गुरु-गुरु' हाच फारसी मुतकारिबचा 'फऊलुन' होय. येथे तरी गण, रुक्न आणि पाऊल एक झाले असे वाटते. फिरदौसीच्या 'शाहनाम्या'त मात्र चौथा रुक्न एका अक्षराने आखूड होतो. अशा फेरबदलांना अरूदात शास्त्रशुद्ध जागा आहे, गणवृत्तात नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठी पठणात ठोका आरंभीच्या लघूवर पडत नाही. तो पुढच्या गुरूवर पडतो, आणि पहिले अक्षर ठोक्याआधीच निसटते. मग कानाचा घटक 'गुरु-गुरु-लघु' असा होतो. पोथीतला 'य' तोंडात 'त' होतो. वृत्ताची सर्वांत नियमित ओळसुद्धा जेथे गणाच्या सीमेवर पाऊल टेकत नाही, तेथे तौलनिक कोष्टकात 'फूट'समोर 'गण' लिहिण्याऐवजी 'आवर्तन' लिहावे, आणि 'गण' हा शब्द आर्येपुरता व लेखनसंकेतापुरता ठेवावा.