पुरी, मंगळ आणि मटारचा कोंब

पावसाळ्यात सीबीडी बेलापूरला शनिवारची सकाळची शाळा सुटली की पुढे करण्यासारखे फारसे काही नसते. पारसिकच्या डोंगराकडे फिरायला जावे तर पाऊस आडवा येतो. म्हणून आम्ही काही शिक्षकांनी आर्टिस्ट्स व्हिलेजमधल्या एका सहकाऱ्याच्या घरी जमून चित्रपट पाहायला सुरुवात केली. नवे-जुने, हाती लागतील ते. अट एवढीच, की चित्रपटात कुठेतरी विज्ञानाचा धागा हवा आणि तो संपल्यावर चहा होईपर्यंत प्रत्येकाने आपले मत सांगायला हवे. त्या गप्पांतील काही मते इथे मांडत आहोत.

विज्ञानशिक्षक चित्रपट पाहायला बसला की प्रथम चुका मोजतो. अवकाशात स्फोटाचा आवाज कसा आला, दोरी तुटल्यावर माणूस त्याच दिशेला का गेला, वगैरे. दोन-तीन शनिवारांनंतर आम्हालाच याचा कंटाळा आला. चुका सापडतात, त्यांवर हसू येते आणि विषय तिथेच संपतो. त्यापेक्षा जे बरोबर वाटते, मनात ठसते आणि तरीही दिशाभूल करते, ते अधिक तपासण्यासारखे असते. ‘मिशन मंगल’ (२०१९) पाहताना आमचे असेच झाले.

या चित्रपटात विद्या बालन यांनी रंगवलेली तारा शिंदे तेल तापल्यावर गॅस बंद करते आणि तापलेल्या तेलात पुऱ्या तळून दाखवते. त्यावरून यानाचे इंधन वाचवण्याची कल्पना पुढे येते. प्रसंग गोड आहे. स्वयंपाकघरातील अनुभव प्रयोगशाळेत चालतो, हे तो ठसक्यात सांगतो, आणि शास्त्रज्ञ बाई घरही सांभाळते हे मुलींना दिसते. आमच्यातील निम्म्या जणांना तो फार आवडला. वाद सुरू झाला तो आठवीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून: “सर, मग इंजिन बंद केल्यावर यान हळूहळू थंड होऊन थांबत का नाही?”

प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही पुढच्या शनिवारी तेल तापवले, गॅस बंद केला आणि पुऱ्या सोडल्या. पहिली टम्म फुगली, दुसरी बरी झाली, चौथी तेल पिऊन चपटी पडली. साठवलेली उष्णता पुरी तळण्यात आणि हवेत खर्च होत जाते. यानाचे तसे नाही. इंजिन बंद झाल्यावर यान पुढे जाते ते जडत्वामुळे, आणि नुसते पुढे जाण्यासाठी त्याला काहीच खर्चावे लागत नाही. पुरीची उपमा ऐकलेला मुलगा मात्र असे समजतो की गती ही तेलातल्या उष्णतेसारखी वापरली जाणारी आणि संपणारी वस्तू आहे. न्यूटनचा पहिला नियम शिकवताना आपण वर्षभर हीच समजूत काढायची धडपड करतो.

मग खरी बचत कशात होती? पीएसएलव्ही अग्निबाणाला मंगळयान थेट मंगळाकडे फेकणे शक्य नव्हते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी त्याने यान एका लांबट कक्षेत सोडले. ही कक्षा पृथ्वीच्या जवळच्या टोकाला सुमारे २५० किलोमीटर उंच होती, तर दूरच्या टोकाला सुमारे २३,५०० किलोमीटर. यान जवळच्या टोकाशी आले की इंजिन थोडा वेळ पेटवायचे, की दूरचे टोक आणखी दूर जाते. असे टप्प्याटप्प्याने करत दूरचे टोक १,९२,००० किलोमीटरच्या पलीकडे नेले आणि १ डिसेंबरला यान मंगळाच्या वाटेला लावले.

पण इंजिन जवळच्या टोकालाच का पेटवायचे? याचे उत्तर दहावीपर्यंतच्या गणितात आहे. पहिल्या कक्षेत जवळच्या टोकाशी यानाचा वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर होता, तर दूरच्या टोकाशी सुमारे २ किलोमीटर. समजा, इंजिनने दोन्हीकडे वेग सारखाच, सेकंदाला १०० मीटरने, वाढवला. गतिज ऊर्जेचे सूत्र लावले तर जवळच्या टोकाला दर किलोग्रॅममागे सुमारे १० लाख ज्यूल मिळतात आणि दूरच्या टोकाला जेमतेम २ लाख. इंधन तेवढेच, मिळकत पाचपट. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. वेगवान यान तेवढ्याच सेकंदांत अधिक अंतर कापते, म्हणून त्याच बलाने अधिक कार्य होते. पुरीच्या गोष्टीइतकी ही गोष्ट चटकदार नसेल, पण फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येते.

दुसरी तक्रार प्रतीक्षेबद्दलची. यानाचे मुख्य इंजिन वाटेत सुमारे ३०० दिवस निजून होते. ते पुन्हा पेटेल की नाही, हीच मोहिमेतील मोठी धास्ती होती. २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते जेमतेम ४ सेकंद पेटवून पाहिले आणि २४ तारखेला यान मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. चित्रपट हा सारा काळ भराभर उरकतो. यावर आमच्यातील एक बाई म्हणाल्या, “तीनशे दिवस काही घडत नाही, हे कोण तिकीट काढून पाहील?” त्यांचे म्हणणे आम्हाला पटले नाही. ‘इंटरस्टेलर’मध्ये (२०१४) एका ग्रहावरच्या तासाभरात पृथ्वीवर सात वर्षे सरतात, बाप परत येऊन मुलांचे साठलेले निरोप पाहतो, तेव्हा गेलेला काळ त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. आणि त्याहून जवळचे उदाहरण आपल्या मराठीतच आहे.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) आम्ही पुन्हा पाहिला. नातवाच्या डोळ्यांत दृष्टिपटलाचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामधले थोडे दिवस, एवढाच या चित्रपटाचा ऐवज. अरुण नलावडे यांचे आजोबा डॉक्टरांचे बोलणे एकदम समजून घेत नाहीत, पुन्हा विचारतात, हटून बसतात. वैद्यकशास्त्र माणसापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे इतक्या शांतपणे दाखवणारा दुसरा चित्रपट आम्हाला आठवला नाही. जाता जाता एक उपयोगाची गोष्ट: लहान मुलाच्या फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात बाहुली पांढरी चमकत असेल, तर नेत्रतज्ज्ञाला लगेच दाखवावे. ते या रोगाचे एक लक्षण असू शकते.

शेवटी परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). यात फाळके पैसा उभारण्यासाठी मटारच्या रोपाच्या वाढीची चित्रफीत बनवतात. १९१२ मधली ही गोष्ट खरीच आहे. प्रतीक्षा कापून टाकण्याऐवजी तीच आकसून पडद्यावर आणली, हे फाळक्यांचे मोठेपण. आणि नंदू माधव ते हसत-खेळत साकारतात. मात्र ‘रोज एक चित्र घेतले’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते हिशेबात बसत नाही. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे लागत. रोज एकच घेतले तर महिन्याच्या वाढीची फीत दोन सेकंदांतच संपेल. मिनिटभराच्या फितीला ९६० चित्रे हवीत, म्हणजे रोज ३२.

हे गणित आम्ही मटकीवर करून पाहिले. भिजवलेली मटकी ओल्या कापसावर ठेवली, मोबाइल काठीला पक्का बांधला आणि दर १५ मिनिटांनी एक चित्र घेतले. दिवसाला ९६, दोन दिवसांत १९२. सेकंदाला १६ या वेगाने १२ सेकंदांची फीत. रात्रीची चित्रे काळी येऊ नयेत म्हणून दिवा चालू ठेवावा लागतो. तो एका बाजूला ठेवला, तर कोंब तिकडे झुकू लागतात आणि झुकतानाही फितीत दिसतात.