उजळ, नितळ, तुकतुकीत : कोरियन प्रसाधनांची परिभाषा आणि कादंबरीतील चेहरा

१

कोरियन प्रसाधनांच्या जागतिक लोकप्रियतेची चर्चा बहुधा अर्थकारणाच्या किंवा ‘हाल्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोरियन सांस्कृतिक लाटेच्या अनुषंगाने होते. दक्षिण कोरियाची प्रसाधन-निर्यात २०२४ मध्ये १० अब्ज डॉलरच्या पुढे गेली, हे लक्षात घेता ती चर्चा अप्रस्तुत नाही. संगीत आणि मालिका यांनी चेहरे परिचित केले व त्या चेहऱ्यांनी प्रसाधने खपवली, हेही खरे आहे. तथापि या विवेचनातून एक बाब निसटते. प्रसाधन सीमा ओलांडते तेव्हा त्याच्यासोबत एक परिभाषाही प्रवास करते. बाटलीतील द्रव्य तेच राहते, वेष्टनावरील शब्द मात्र बदलतो. या भाषांतरात काय गाळले जाते आणि जे गाळले जाते ते कथात्म साहित्यात कसे टिकून राहते, हा तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेतील प्रश्न आहे.

२

‘दहा टप्प्यांचा कोरियन नित्यक्रम’ हे या भाषांतराचे पहिले उदाहरण. अमेरिकी ग्राहकांमध्ये ही कल्पना रुजवण्यात कोरियन-अमेरिकन लेखिका व उद्योजिका शार्लट चो यांचा वाटा मोठा आहे. त्यांची ‘सोको ग्लॅम’ ही विक्रीसंस्था २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्वचेच्या निगेविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक २०१५ मध्ये आले. घरोघरी वेगवेगळ्या असलेल्या सवयींना परक्या वाचकासाठी आकडा आणि क्रम देणे, हे एका अर्थी संपादनच होय. पुढे कोरियातच मोजक्या प्रसाधनांचा पुरस्कार करणारा ‘स्किप-केअर’ हा शब्द प्रचारात आला. परदेशात ‘परंपरा’ म्हणून वाचली गेलेली संहिता पुष्कळ अंशी भाषांतरातच घडली होती, असा याचा अर्थ.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. कोरियन भाषेतील ‘मिबॅक’ हा शब्द चिनी मूळ असलेल्या दोन घटकांचा समास आहे : ‘मि’ म्हणजे सुंदर, ‘बॅक’ म्हणजे शुभ्र. २००० साली अमलात आलेल्या प्रसाधनविषयक कायद्याने ‘कार्यात्मक प्रसाधने’ असा वर्ग निर्माण केला आणि सुरकुत्या कमी करणे, उन्हापासून संरक्षण देणे यांच्या जोडीने ‘मिबॅक’ला साहाय्य करणे हेही त्यात अंतर्भूत केले. सौंदर्य आणि शुभ्रता यांचा समास असा शासकीय परिभाषेत स्थिरावला. निर्यातीच्या इंग्रजी वेष्टनावर मात्र त्याच्या जागी बहुधा ‘ब्रायटनिंग’ येते. यास केवळ फसवणूक म्हणता येणार नाही, कारण निआसिनामाइड किंवा आर्बुटिन यांसारखी द्रव्ये डाग फिकट करण्यासाठीही वापरली जातात. परंतु समास तुटतो आणि ‘शुभ्र’ हा घटक दृष्टिआड होतो. भारतात २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, ते याच जातीचे शब्दांतर होय.

‘ब्रायटनिंग’ला मराठीत आणू पाहणाऱ्यास ‘उजळ’ हा शब्द सहज सुचतो. मराठीत दिवा उजळतो, भांडे उजळ होते. आणि वधूवरांच्या जाहिरातीत ‘रंग उजळ’ असे लिहिले जाते तेव्हा त्याचा अर्थ गोरा एवढाच असतो. इंग्रजीने झाकलेला अर्थ मराठीत आपोआप उघडा पडतो. येथे भाषांतराचे भाषांतर मूळ शब्दाच्या अधिक जवळ जाते.

३

सर्वच शब्दांचा प्रवास इतका शंकास्पद नाही. ओलसर, भरीव त्वचेसाठी कोरियनमध्ये ‘छोक्छोक्’ हा पुनरुक्त ध्वन्यानुकारी शब्द आहे. त्यासाठी इंग्रजीला दवबिंदूंची उपमा घ्यावी लागते. मराठीजवळ मात्र ‘तुकतुकीत’ आणि ‘टवटवीत’ हे नादयुक्त शब्द आधीपासून आहेत. ‘मुलग्वांग’ म्हणजे पाण्याची झळाळी. पाणी आणि कांती या दोहोंसाठी मराठीत एकच विशेषण चालते, ते म्हणजे ‘नितळ’. ‘युरी पिबू’ म्हणजे काचेसारखी त्वचा. येथे मात्र मराठी वाचक थबकतो. मराठीत अब्रूला काचेच्या भांड्याची उपमा दिली जाते, आणि ती बहुधा स्त्रीच्या संदर्भात. चमकणाऱ्या काचेत तडकण्याची भीती अनुस्यूत असते.

४

हीच भीती कादंबरीने नोंदवली आहे. पार्क मिन-ग्यू यांची ‘पावान फॉर अ डेड प्रिन्सेस’ (२००९, इंग्रजी भाषांतर २०१४) ही १९८०च्या दशकातील सोलमध्ये घडते. एका मोठ्या वस्तुभांडारात काम करणारा देखणा तरुण, सर्वांनी कुरूप ठरवलेल्या सहकारी तरुणीवर प्रेम करतो. त्याच्या देखण्या वडिलांनी नट म्हणून यश मिळताच त्याच्या साध्या रूपाच्या आईला सोडलेले असते. वस्तूंप्रमाणे चेहऱ्यांनाही भाव असणारी बाजारपेठ येथे प्रेमकथेची केवळ पार्श्वभूमी राहत नाही. ती प्रतिपक्ष होते.

फ्रान्सिस चा यांची ‘इफ आय हॅड युवर फेस’ (२०२०) मुळातच इंग्रजीत लिहिलेली, म्हणजे परक्या वाचकाला गृहीत धरणारी. आरा, क्यूरी, मिहो आणि वोना या सोलमधील चार स्त्रिया तीत आळीपाळीने निवेदन करतात. आरा मूक आहे, तरीही तिला निवेदन आहे. याउलट, चेहरा बदलून घेऊ पाहणाऱ्या सुजिनला स्वतःचे निवेदन नाही. तिची कथा इतरांकडून कळते. जिचा चेहरा सर्वाधिक बदलतो तिलाच ‘मी’ म्हणण्याची जागा नसावी, ही रचना अर्थपूर्ण आहे. परदेशी ग्राहकाला ‘स्वतःची काळजी’ म्हणून विकली जाणारी गोष्ट येथे उपजीविकेची अट म्हणून दिसते. २०१८ मध्ये कोरियन स्त्रियांनी आपली प्रसाधने मोडून टाकल्याची छायाचित्रे प्रसृत केली. ‘कॉर्सेटमुक्ती’च्या त्या आंदोलनाचा रोख याच अटीवर होता.

५

अलीकडे ही परिभाषा पुन्हा बदलते आहे. गोगलगायीच्या स्रावामागून साल्मन माशाच्या डीएनएपासून मिळवलेले ‘पीडीआरएन’ आले आणि वनौषधींच्या शेजारी प्रयोगशाळेची भाषा प्रतिष्ठित झाली. परदेशी मागणीमुळे काही उत्पादकांनी गडद वर्णांसाठीच्या छटाही वाढवल्या. म्हणजे भाषांतर मूळ संहितेलाही बदलू लागले आहे. ‘शुभ्र’ हा घटक उद्या खरोखरच गळून पडेल, ही शक्यता नाकारता येत नाही. तोवर वेष्टनावरील ‘ब्रायटनिंग’ आणि कादंबरीतील चेहरा एकत्र वाचणे आवश्यक ठरते. कोरियन कादंबरीच्या भावी मराठी भाषांतरकारासमोर ‘मिबॅक’ हा शब्द येईल तेव्हा ‘तजेलदार’ हा सोयीचा पर्याय हाताशी असेलच. त्याने ‘उजळ’ निवडावे. तो शब्द वाचकाला अस्वस्थ करील, आणि त्या कादंबऱ्यांचे प्रयोजनही तेच आहे.