दिसायला जंगलातलं घर, पण वागायला?

शाश्वत घरांवरच्या संशोधन प्रस्तावात एक वाक्य हमखास सापडतं: ‘घर परिसराशी एकरूप व्हायला हवं.’ ऐकायला छान आहे. पण एकरूप म्हणजे नक्की काय, हे ठरवलं नाही तर पुढे मोजणार काय? दोन घरं शेजारी ठेवून बघू.

पहिलं, ‘फॉलिंगवॉटर’. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ साली आखलेलं, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात, धबधब्याच्या डोक्यावर बांधलेलं. भिंतींचा दगड तिथल्याच खाणीतला. घर खडकातूनच उगवल्यासारखं दिसतं, आणि ते श्रेय राइट यांना द्यायलाच हवं. पण पुढचा हिशेब बघा. ओढ्यावर अधांतरी आलेले काँक्रीटचे सज्जे खाली झुकत गेले. २००२ मध्ये ताण दिलेल्या पोलादी तारा घालून ते सावरावे लागले. गळती आणि ओल यांचा त्रास सुरुवातीपासूनच होता. शिवाय मालक कॉफमन कुटुंब राहायचं पिट्सबर्गला. हे त्यांचं सुट्टीचं घर. १९६३ मध्ये घर आणि भोवतालची जमीन संवर्धन संस्थेकडे गेली, म्हणून जंगल राखलं गेलं हे खरं. पण ते श्रेय दानाचं, आराखड्याचं नव्हे. समीक्षेत ही दोन श्रेयं वेगळी ठेवायची असतात.

दुसरं घर इंग्लंडमधल्या वेस्ट ससेक्सच्या जंगलात बेन लॉ यांनी स्वतः बांधलेलं. सांगाडा स्वीट चेस्टनटच्या न चिरलेल्या, गोल लाकडांचा. हे झाड जमिनीलगत तोडलं की खोडाला नवे फुटवे येतात आणि काही वर्षांनी पुन्हा लाकूड मिळतं. भिंती पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या. परवानगीची अटही बोलकी आहे: जंगलाची देखभाल करत असतील तोवरच त्यांनी तिथे राहायचं. म्हणजे इथे जंगल हा नुसता देखावा नाही. घर आणि जंगल एकमेकांवर चालतात.

मग दुसरं घर आदर्श म्हणायचं का? घाई नको. त्यामागे एका माणसाचं वर्षानुवर्षांचं कसब आहे, हाताशी स्वतःचं जंगल आहे. सगळ्यांनीच अशी घरं बांधायची ठरवली तर जंगलच उरणार नाही. एका घरावरून नियम काढता येत नाही. प्रश्न मात्र काढता येतात.

तर प्रस्तावातलं ‘एकरूप’ खोडा आणि त्याजागी तीन प्रश्न लिहा. सामान कुठून आलं, आणि ते पुन्हा उगवतं का? पन्नास वर्षांत दुरुस्तीला काय काय लागेल? आणि राहणाऱ्याचं त्या जंगलात काम काय? पहिल्या दोन प्रश्नांना आकडे मिळतील. तिसऱ्यासाठी माणसांशी बोलावं लागेल. आपल्या विषयात नेमका तोच प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, कारण तो फोटोत दिसत नाही.